शाहीर साबळे : खान्देशच्या अंगणातले ऋण



शाहीर साबळे यांचे स्मरण वाईत किंवा मुंबईत व्हावे, हे स्वाभाविक आहे. कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी झाला आणि त्यांचे कर्तृत्व बहरले ते मुंबईच्या रंगमंचावर. मात्र गोमाईकाठच्या लोणखेड्यानेही हे स्मरण आपुलकीने करावे, असा एक धागा आहे. शालेय वयात साबळे अमळनेरला राहिले आणि तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शहादा-लोणखेडा परिसरात ज्ञानाची गंगा आणणाऱ्या विद्या प्रसारक मंडळाला ज्यांचे नाव आहे, तेच हे पूज्य साने गुरुजी. मुलाचा गळा गोड होताच. तो समाजाच्या कामी लावावयाचा असतो, हा संस्कार त्याला याच खान्देशच्या मातीत मिळाला.

तो काळच भारलेला होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी गोळ्यांना सामोरे गेले. त्याच पिढीच्या साबळ्यांनी हाती डफ घेतला. स्वातंत्र्यलढा, हैदराबाद मुक्तिसंग्राम, गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या प्रत्येक आंदोलनात त्यांची शाहिरी निनादली. पसरणीचे भैरवनाथ मंदिर दलित बांधवांसाठी खुले व्हावे म्हणूनही त्यांनी पुढाकार घेतला. व्यासपीठावरून समतेचा पोवाडा गावा आणि गावात शिरताना चपला काढून जुनी शिवाशीव पाळावी, असा दुटप्पीपणा त्यांच्याजवळ नव्हता. गुरुजींची शिकवण त्यांनी आचरणात आणली होती.

शाहिरांचे चाहते दोन प्रकारचे आढळतात. जुन्या पिढीला आठवतात त्यांची मुक्तनाट्ये. ‘यमराज्यात एक रात्र’ पाहताना पुराणातला यमलोक हा आपलाच कारभार आहे, हे ओळखून प्रेक्षक हसत आणि घरी जाताना विचारात पडत. ‘आंधळं दळतंय’ने मुंबईत मराठी माणसाची होणारी परवड वेशीवर टांगली. लेखक, गायक, नट आणि दिग्दर्शक अशा चारही भूमिका त्यांनी एकट्याने पेलल्या. त्यांच्या प्रथम पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री. त्यांची गीतेही शाहिरांच्या कंठातून घरोघरी पोहोचली. तमाशा म्हटला की नाक मुरडणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आयाबहिणींसह लोकनाट्याला येऊन बसू लागली, यात शाहिरांचा वाटा फार मोठा आहे.

नंतरच्या पिढीला आठवते ती ‘महाराष्ट्राची लोकधारा’. वासुदेव, गोंधळी, पोतराज, वाघ्या-मुरळी, कोळी हे सारे एकाच रंगमंचावर आले. संत एकनाथांचे विंचवाचे भारूड शाहिरांनी असे गायिले की, शाळकरी मुलेही ते अभिनयासह म्हणू लागली. देवळाच्या पारावर, शेताच्या बांधावर, जत्रेत विखुरलेले हे धन त्यांनी गोळा केले आणि शहरातल्या माणसाला सांगितले, ‘बाबा रे, हे तुझेच आहे.’

आज शाहिरांचे नाव घेताच ओठांवर येते ते ‘जय जय महाराष्ट्र माझा’. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, शिवजयंतीच्या मुहूर्तावर, हे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. पुष्कळांना ते शाहिरांनीच रचले असे वाटते. वस्तुतः शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि पहाडी आवाज शाहिरांचा. नागपूरचा कवी, मुंबईचा संगीतकार आणि पसरणीचा शाहीर यांच्या मिलाफातून हे गाणे उभे राहिले. शाहिरांवर खरे प्रेम असणाऱ्याने उरलेल्या दोघांची नावेही तितक्याच आदराने घेतली पाहिजेत.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. राज्यगीत झाले, १९९८ साली पद्मश्री मिळाली होती, जन्मशताब्दीच्या वर्षी नातू केदार शिंदे यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपटही काढला. २० मार्च २०१५ रोजी शाहीर गेले, तरी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून सुरक्षित आहे. मग चाहत्यांनी करावयाचे काय उरले? ध्वनिक्षेपकावर गाणे लावले, टाळ्या वाजविल्या, की ऋण फिटले?

तसे ते फिटत नाही. लोकगीत हे मुखातून मुखात जाते तेव्हाच जगते. ज्या दिवशी ते फक्त ऐकले जाऊ लागते, त्या दिवशी त्याचा ‘लोक’ हरवतो आणि गीत तेवढे उरते. आपल्या परिसराकडेच पाहावे. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, अहिराणी आणि गुजरी बोलीतली लग्नाची गाणी यांतली कितीतरी आज केवळ सत्तरी ओलांडलेल्या आजींनाच पाठ आहेत. सातपुड्यात होळीच्या रात्री ढोल आणि बासरीवर भिल्ल-पावरा बांधव नाचतात. त्या गाण्यांत त्यांचा इतिहास आहे, देवदेवता आहेत, डोंगरही आहेत. ते केवळ पाहुण्यांपुढे करावयाचे प्रदर्शन नव्हे.

शिकण्यासाठी शहराकडे निघालेला तरुण आजीचे एकही गाणे सोबत न नेता निघाला, तर ती परंपरा त्या घरापुरती संपली. शाहिरांनी लोकधारेसाठी जे महाराष्ट्राच्या पातळीवर केले, ते प्रत्येक घराने आपल्या अंगणापुरते करावे. आजीजवळ बसावे, गाणे वहीत उतरवून घ्यावे, कोणाकडून मिळाले ते खाली लिहावे. आणि मुख्य म्हणजे ते तोंडपाठ करावे. कारण वही कपाटात राहते, कंठ मात्र माणसाबरोबर चालतो. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखादे तरी गाणे आपल्या बोलीतले असावे, आणि ते ज्या समाजाचे त्याच समाजातल्या मुलामुलींनी मानाने म्हणावे.

अमळनेरला एका शाळकरी मुलाचा गळा योग्य वेळी योग्य माणसाच्या कानी पडला, म्हणून महाराष्ट्राला शाहीर साबळे मिळाले. आजही लोणखेड्याच्या एखाद्या वर्गात तसा गळा असेल. त्याला ऐकणारे कान आणि ‘गा’ म्हणणारे मोठे मन आपल्यापाशी असावे, हेच शाहिरांचे खरे स्मरण होय.