खाटेशेजारचा माणूस
(सुवर्ण महोत्सव समारंभातील भाषणाचा मजकूर)



रुग्णसेवा म्हटले की औषधे, शस्त्रक्रिया, नेत्रशिबिर, रक्तदान ही कार्ये प्रथम आठवतात आणि ती योग्यच आहेत. परंतु रुग्णाच्या खाटेशेजारी फरशीवर बसून राहिलेला माणूस सहसा कोणाच्या हिशेबात येत नाही. रुग्ण जर चार-पाच वर्षांचे मूल असेल, तर त्या माणसावाचून उपचारच पुरे होत नाहीत. आजचा विषय तो आहे.

म्हसा हे मुरबाड-कर्जत रस्त्यावरचे गाव. पौष पौर्णिमेची म्हसोबाची यात्रा, तिथला बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकाने यांमुळे हे नाव दूरवर पोहोचले आहे. यात्रेचे दिवस सरले की गाव पुन्हा आपल्या भातशेतीत बुडून जाते. या परिसरातील एखादे घर भातकापणीच्या दिवसांत डोळ्यांसमोर आणावे. अंगणात पेंढा पडलेला, दिवसभराच्या श्रमाने माणसे गाढ झोपलेली. मध्यरात्री लहानगे किंचाळून उठते. अंथरुणात विंचू निघतो.

कोकणपट्टीत लाल विंचवाचा दंश ही साधी बाब नाही. मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय थंड पडतात. विष हृदयावर ताण आणते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री जागवून ही लक्षणे बारकाईने नोंदविली. 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी या दंशावर वापरली. एकेकाळी गंभीर दंशाच्या दर तीन-चार रुग्णांतील एक दगावत असे. वेळेवर उपचार मिळाल्यास आता मृत्यू विरळा झाला आहे. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मूल वाचते, ही आनंदाची गोष्ट. मात्र त्यासाठी त्याला रुग्णालयात नेऊन काही दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते.

प्रथम मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय. प्रकृती अधिक बिघडली तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, क्वचित त्याहूनही पुढे मुंबई. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध झाली, त्यामुळे जाण्याची सोय पुष्कळ सुधारली. परत येण्याची आणि मध्यंतरीच्या फेऱ्यांची व्यवस्था अजून ज्याची त्यानेच करावयाची असते. मुरबाडला रेल्वे नाही, एस.टी. किंवा जीपने कल्याण गाठावे लागते.

आई नेसत्या लुगड्यानिशी निघालेली असते. बदलावयास वस्त्र नाही, पांघरावयास चादर नाही. बालरुग्ण विभागात बहुधा एकट्या आईलाच थांबता येते. बाप जिन्याखाली नाहीतर फाटकाबाहेर रात्र काढतो. शासनाच्या योजनेखाली मोठे उपचार विनामूल्य होऊ शकतात (2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली ही योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते). पण त्यासाठी मागितली जाणारी शिधापत्रिका गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेली असते. ती आणण्यात बापाचा एक दिवस जातो. घरी थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते, म्हातारी आजी गुरांना वैरण घालते, कापलेले भात शेतातच पडून राहते. आणि भेटीस येणारा प्रत्येक आप्त आईलाच विचारतो, "अंथरूण झटकले नव्हते काय?" विंचवाच्या विषावर उतार पडला, या प्रश्नावर तो कोणी शोधलेला नाही.

पाश्चात्त्य देशांची या बाबतीतील कथा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत आईबापांना मुलाजवळ थांबू देत नसत. भेटीच्या वेळा ठरलेल्या असत. मूल रडून थकले की ते 'शांत झाले' असे समजले जाई. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयवासाचा चित्रपट तयार करून त्या शांततेमागील दुःख दाखविले. 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईला मुलाजवळ राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई पहिल्यापासूनच खाटेशेजारी आहे. तिला तिथून कोणी उठविले नाही, हे खरे. तिने जेवावे कुठे, निजावे कुठे, हेही कोणी विचारले नाही.

तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्याची गणना अंतरंग तपांत केली आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे चार प्रकार सांगितले : आहार, औषध, उपकरण आणि आवास. तो उपदेश मुख्यतः त्यागीजनांच्या सेवेला उद्देशून आहे, ही मर्यादा मान्य करूनही ही विभागणी आजच्या रुग्णालयाला किती चपखल बसते पाहा. औषध रुग्णालय देते. उरलेली तिन्ही खाती रिकामी राहतात.

मुंबईत ती भरणारे लोक झाले. गाडगे महाराजांनी उभारलेल्या धर्मशाळांची परंपरा दादरच्या धर्मशाळेत चालू आहे. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून रुग्ण व नातेवाईक यांच्या निवासाची व्यवस्था पाहते. हरखचंद सावला यांनी टाटा रुग्णालयाबाहेर अन्नदान आरंभिले. मोठ्या शहरास मोठी संस्था लाभते. मुरबाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मात्र कोणी इमारत बांधण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

विश्वस्तांनी विचारात घ्यावी अशी सूचना एवढीच. सुवर्ण महोत्सवी निधीतील काही भाग पाटी न लावता वेगळा ठेवावा. ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या बालकाच्या सोबत्यास दोन वेळचा डबा मिळावा. समाजातील घरांनी वार वाटून घेतले तर स्वयंपाकी नेमण्याचीही गरज नाही. एका पिशवीत दोन चादरी, पंचा, जुने पण धड लुगडे, पेला-ताटली आणि साबण अशा वीस पिशव्या तयार ठेवाव्यात. कल्याणपर्यंतचे भाडे आणि कागदपत्रे आणण्यासाठी मोटारसायकलवर धावणारा एखादा तरुण एवढे मिळाले तरी बापाचा तो दिवस मुलाजवळ जाईल. जातीची वा पंथाची विचारपूस कोठेही नसावी. पहिला डबा येत्या कापणीच्या हंगामात जावा, म्हणजे नावे नोंदविण्यास अजून अवधी आहे; वही सभागृहाच्या दाराशी ठेवलेली आहे.