टेकू, तारीख आणि तबला
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे काय आणि तो फावल्या वेळात काय करतो, यावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा संस्थेने आम्हाला केली. इमारत बांधकामाच्या कामात आमची तीस वर्षे गेली. तरीही आम्ही नेमके काय करतो, हे आमच्या आईला शेवटपर्यंत उलगडले नाही. ती विचारायची, "गवंडी भिंत बांधतो, सुतार चौकट करतो. तू काय करतोस रे?" तिचा प्रश्न रास्त होता. प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः एक वीटही रचत नाही. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी, त्याला माणसे किती, माल किती आणि दिवस किती, हे जुळवून आणणे हेच त्याचे काम.

आमचा दिवस सकाळी साडेसातला साइटवर सुरू होतो. मुकादम हजेरी सांगतो. गोदामात सिमेंटच्या गोण्या किती, सळई आली का, पाण्याची टाकी भरली का, हे आधी पाहायचे. दुपार ठेकेदारांची बिले आणि नकाशातील बदल यांत जाते. संध्याकाळी उद्याची तयारी.

विद्यार्थी मित्रांनो, कामाचे वेळापत्रक करण्याची एक शास्त्रीय पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत पुढे आली. तिला 'क्रिटिकल पाथ' पद्धत म्हणतात. सर्व कामांची साखळी मांडायची आणि ज्या साखळीतील एक काम एक दिवस लांबले तर सारा प्रकल्प एक दिवस लांबतो, ती साखळी शोधायची. बाकीच्या कामांना थोडे मोकळे दिवस मिळतात. पद्धत उत्तम आहे. परंतु ती वापरणाऱ्याला तारखेचा मोह पडला की काय होते, ते आम्ही स्वतः भोगले आहे.

ही गोष्ट 2006 सालची. एका इमारतीच्या उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती आणि काम मागे पडले होते. तळमजल्यावर साडेपाच मीटर गाळ्याचा स्लॅब टाकून नऊ दिवस झाले होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटसाठी 2000 सालचे भारतीय मानक सांगते की, साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान 14 दिवस हलवू नयेत. आम्हाला ते तोंडपाठ होते. शटरिंगचे वयस्कर मिस्त्रीही म्हणाले, "साहेब, अजून पाच दिवस राहू द्या. घाई बरी नाही." आम्ही त्यांना सर्वांसमोर गप्प केले आणि टेकू काढायला लावले.

त्या टेकूंना एका बिगारी बाईने लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत तिचे सात-आठ महिन्यांचे मूल झोपलेले होते. मिस्त्रींनी टेकूला हात लावण्याआधी ती झोळी सोडवून पलीकडच्या लिंबाच्या झाडाला बांधली. तासाभरात स्लॅब मधोमध खाली वाकला, भेगा पडल्या आणि कडेचा एक तुकडा निखळून खाली आला. झोळी जिथे होती तिथेच तो पडला. कोणाला इजा झाली नाही. ते पुण्य मिस्त्रींचे. आमच्या वाट्याला फक्त चूक आली.

तो स्लॅब तोडून पुन्हा टाकावा लागला. पाच दिवस वाचवायला गेलो आणि महिना गमावला. महिन्याचे नुकसान भरून निघाले. पण आम्हाला बरीच रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व कामगारांसमोर मिस्त्रींची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "साहेब, विचारत जा."

विचारायचे कसे, हेच आम्ही विसरलो होतो. दिवसभर हुकूम सोडण्याची जिभेला सवय लागली होती. त्याच वर्षी घराजवळच्या तबल्याच्या वर्गात आम्ही नाव घातले. वर्गात बाकीची मुले दहा-बारा वर्षांची. आम्ही चाळिशीकडे झुकलेले. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजतानाही आमची घाई व्हायची आणि समेच्या आधीच हात पडायचा. गुरुजी म्हणायचे, "नवव्या मात्रेला खाली आहे. तिला तिची जागा द्या, म्हणजे सम आपोआप सापडेल." शेजारचा पोरगा आमची चूक दाखवायचा आणि आम्ही मुकाट्याने ऐकायचो. साइटवर जे जमत नव्हते, ते तिथे जमू लागले.

आम्ही काही वादक झालो नाही. आजही द्रुत लयीत बोट अडखळते. पण रोज रात्रीचा अर्धा तास आम्ही सोडलेला नाही. रविवारी दुसरा एक छंद असतो. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्याचे कागद कसे भरायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते आम्ही भरून देतो. या कामात त्यांच्याकडून जेवढे ऐकायला मिळते, तेवढे हजेरीपुस्तकात कधी सापडले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते व्हाल, अधिकारी व्हाल. खूप शिका, मोठ्या जागेवर जा. मात्र एक छंद असा ठेवा, जिथे तुम्ही साहेब नसाल, शिकाऊ असाल. आणि कामावर वयस्कर हात "थांबा" म्हणाला, तर आधी थांबा. तारीख पुढे ढकलता येते. झोळीतले मूल पुन्हा आणता येत नाही.