नववीत 48 टक्के

मघापासून पडद्याआडून ‘काका संपले का’ म्हणून डोकावणारे नाचाचे कलाकार,

तुमचा नाच माझ्या भाषणानंतर ठेवलाय, म्हणजे मी तुमचा आजचा मुख्य अडथळा. लवकर आटपायचा प्रयत्न करतो.

तुम्ही माझ्या डोक्यावर मैसूर पेटा चढवलात, खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात. या अवतारात माणसाला आपण जन्मापासून हुशार होतो असं वाटायला लागतं. म्हणून खिशातून एक कागद आणलाय. माझं दहावीचं मार्क्सकार्ड, 1994 सालचं, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेचं. एकूण गुण 625 पैकी 319. गणितात 38. पस्तीसला पास होतं, तेव्हा तीन गुणांची श्रीमंती होती.

हा कागद आणायचं कारण एक चिठ्ठी. गेल्या आठवड्यात मराठी वर्गाच्या ताईंनी तुम्हा आठवी ते बारावीच्या मुलांना पाहुण्यांसाठी प्रश्न लिहून द्यायला सांगितले होते. सव्वीस चिठ्ठ्या आल्या. नऊ जणांनी माझा पगार विचारलाय, तो सांगणार नाही. एकाने विचारलंय, ‘मेट्रो आली तरी गरुडाचारपाळ्याला ट्रॅफिक का आहे?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. आणि एका चिठ्ठीवर, घडी चार वेळा घातलेली, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘नववीत 48 टक्के पडले. आता कुठलं कॉलेज मिळेल का? आईला सांगू नका.’

नाव नाही. अक्षर ओळखायचा प्रयत्नही मी केला नाही. आज मी त्या चिठ्ठीला उत्तर द्यायला उभा आहे, बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

तर चिठ्ठीवाल्या मित्रा, किंवा मैत्रिणी, आधी रोकडा हिशेब. कर्नाटकात इंजिनिअरिंगला सीईटीने जायचं तर रँक कशावर लागतो? निम्मा सीईटीच्या गुणांवर आणि निम्मा बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर. नववी त्यात कुठेच नाही. दहावीही नाही. समजा बारावीला या तीन विषयांत 300 पैकी 270 पडले आणि सीईटीत 180 पैकी 90. म्हणजे 90 टक्के आणि 50 टक्के, मधला आकडा 70. याउलट सीईटीत 120 आणि बोर्डात जेमतेम 180 असतील, तर 63. क्लासवाले ‘बोर्डाचं सोडा, सीईटी बघा’ म्हणतात तेव्हा हा हिशेब त्यांना कुणीतरी करून दाखवायला हवा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत.

खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांचं कॉमेड-के घ्या, त्यांची स्वतःची परीक्षा. मेडिकलच्या नीटला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत खुल्या वर्गाला 50 टक्के लागतात, पुढे रँक नीटचाच. आयआयटीला बारावीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट, बाकी सगळं जेईई अॅडव्हान्स्डवर. वकिली करायची तर नागरभावीच्या लॉ स्कूलला क्लॅट. दिल्ली विद्यापीठात 2021 साली काही कॉलेजांचा कटऑफ शंभर टक्क्यांवर गेला होता, पुढच्याच वर्षी सीयूईटी आली आणि ते दार वेगळ्या किल्लीने उघडायला लागलं. यातला एकही अर्ज तुला तुझे नववीचे गुण विचारणार नाही.

दहावीचे विचारतात ते पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या दारात. नावाजलेल्या पीयू कॉलेजात सायन्स मिळायला दहावी चांगली लागते, हे खरं. पण सीईटीच्या रँकमध्ये पीयू कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. इथे बसलेल्या बऱ्याच आयांना हे पटणार नाही, आणि मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये गाठून त्या तसं सांगतीलही.

आता बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, जी कमी टक्क्यांपेक्षा जास्त मुलांना अडवते. पुणे, नागपूर, नाशिकहून नोकरीसाठी इथे आलात, तेव्हा मुलगा कितवीत होता? कर्नाटकच्या सरकारी कोट्याला पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं या राज्यात शिकलेली असावी लागतात, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. सातवीत आलेला मुलगा सहा वर्षांवर अडकतो. काही वर्गांना सवलती आहेत, त्या सीईटीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. मार्क्स चांगले असूनही फॉर्म भरायच्या दिवशी हे कळलेली तीन कुटुंबं एकट्या माझ्या टॉवरमध्ये आहेत. आणि आमच्यासारख्या सीमाभागातल्यांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘ई’ प्रकार असतो: वादग्रस्त 865 गावांतून दहावी किंवा बारावी झालेला, मातृभाषा मराठी. ज्या वादापायी माझ्या वडिलांच्या पिढीचे आंदोलनांत दिवस गेले, त्याचा पत्ता प्रवेश अर्जाच्या एका चौकोनात असा सापडतो.

नववीचे गुण खरोखर बघणारे लोक जगात आहेत, ते अमेरिकेत. तिथे हायस्कूल नववीपासून मोजतात, आणि अर्जासोबत शाळेकडून नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे सिएटल आणि न्यू जर्सीहून परत आलेली घरं आहेत, त्यांना हे माहीत आहे. पण तिथेही सगळे सारखे नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ आपली सरासरी काढताना दहावी-अकरावीचेच गुण धरतं, नववी त्यांना दिसते पण आकड्यात येत नाही. आणि नववीत खाली असलेली रेघ अकरावीत वर गेलेली दिसली, तर अर्ज वाचणाऱ्याला ती दिसते. गुण का घसरले, हे दोन ओळींत लिहायला अर्जात जागाही असते. आजारपण, घर बदलणं, शाळा बदलणं, जे असेल ते. फक्त खरं असावं.

इथपर्यंत ऐकून चिठ्ठीवाल्याला हायसं वाटलं असेल. थांब जरा.

माझे वडील खानापुरात कौलाच्या कारखान्यात होते. भट्टी उघडली की ते एकेक कौल डाव्या हातावर तोलून धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक करायचे. पक्कं कौल खणखण वाजतं. कच्चं बद्द वाजतं. दिसायला दोन्ही तांबडी, दोन्ही सारखी. गिऱ्हाइकाला फरक कळतो तो जूनमध्ये, पलंगावर थेंब पडला की. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी मार्क्सकार्ड बघितलं, गणिताच्या 38 वर पेर टेकवलं आणि दोनदा टकटक केलं. बोलले काहीच नाहीत. मी दोन दिवस जेवलो नाही असं सांगायला आवडेल, पण आईने त्या दिवशी खीर केली होती आणि मी दोन वाट्या खाल्ली.

बेळगावात डिप्लोमाला प्रवेश मिळाला. खानापूर ते बेळगाव रोज लाल बस. पहिल्या महिन्यात सरांनी फळ्यावर पार्शल फ्रॅक्शन्स काढले. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू शाळांतून आलेली आम्ही पोरं, भाषा इंग्रजी. मला वाटलं इंग्रजीमुळे कळत नाही. चार दिवसांनी शोध लागला की ‘फॅक्टराइज’ म्हणजे आपले ‘अवयव पाडणे’. केवढा आनंद झाला! आणि लगेच दुसरा शोध: मला अवयव पाडणेही येत नव्हतं. तो धडा नववीचा. नववीत त्या महिन्यात मी मलप्रभेत पोहायला शिकत होतो.

मित्रा, नववीचे 48 टक्के इथे कुणी विचारणार नाही, पण नववीतलं 52 टक्के जे कळलं नाही, ते दर वर्षी वेगळं नाव घेऊन समोर येतं. अकरावीत त्याला लिमिट्स म्हणतात, फिजिक्समध्ये प्रोजेक्टाइल म्हणतात. माझ्या धाकट्या भावाचं नववीचं गणिताचं पुस्तक मी बसमध्ये वाचायचो. शेजारी त्याच्याच वर्गातली पोरं बसलेली. मी अठरा वर्षांचा, ओठावर मिशी, मांडीवर नववीचं पुस्तक. एक पोरगा म्हणाला, ‘दादा, कितव्यांदा?’ तीन महिने लागले. वडील सांगायचे, कच्चं कौल परत भट्टीत घालता येतं, तडा गेलेलं नाही. मला तडा गेला नव्हता.

तुम्हाला शाळेत सांगतात ना, आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता? ते खोटं आहे. खरी गोष्ट जास्त कामाची. 1895 साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. गणित, भौतिकशास्त्र उत्तम, इतर विषयांत अडला. मग त्याने काय केलं? आराउ नावाच्या गावी जाऊन पुन्हा शाळेच्या बाकावर बसला, एक वर्ष, आणि 1896 साली त्याच पॉलिटेक्निकला गेला.

माझा डिप्लोमा झाला, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ही वाट आजही आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डीसीईटी, मग थेट दुसरं वर्ष. आपल्या सोसायट्यांमध्ये डिप्लोमा हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. हळू उच्चारायचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

एक कडू गोष्ट लपवणार नाही. 2000 साली पदवीला 72 टक्के घेऊन मी एका मोठ्या कंपनीच्या कॅम्पस मुलाखतीला गेलो. नाव सांगत नाही. टेबलावरच्या मुलाने यादीवर पट्टी ठेवली, माझ्या नावाशी थांबली. ‘दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे साठ हवेत.’ मी व्हरांड्यात आलो. आतून माझ्याकडून नोट्स नेणारे दोघे हसत बाहेर पडले, त्यांना नोकरी लागली होती. सात महिन्यांनी एका छोट्या कंपनीत लागलो. साठ टक्क्यांची ही पट्टी अजून बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून दहावी ज्यांची यायचीय त्यांनी साठ ओलांडायचा नेट धरा. नव्वदचं नंतर बघू. आता कर्नाटक बोर्डात दहावीला आणि बारावीला वर्षातून एकाहून जास्त परीक्षा होतात, चांगला निकाल आपला. आमच्या वेळी ‘ऑक्टोबरची परीक्षा’ म्हटलं की अख्ख्या गल्लीला कळायचं.

गेली अकरा वर्षं मी इथेच, आउटर रिंग रोडवर, मुलाखती घेतो. दहावीचे गुण विचारत नाही. पण माझ्यापर्यंत पोहोचायच्या आधी कॉम्प्युटरने कुणाला गाळलं, ते मला दिसत नाही. ते बदलायला मी दोनदा मेल लिहिलेत, तिसरा लिहीन.

चिठ्ठीवाल्या, तू ‘आईला सांगू नका’ लिहिलंस. मी सांगितलेलं नाही. मात्र ही खोली दीडशे माणसांची आहे आणि यातल्या साठेक बायका आपापल्या मुलाकडे बघतायत. तू आज रात्री स्वतःच सांग. खीर मिळेल न मिळेल, टकटक मिळेल.

मुलांनो, माझं मार्क्सकार्ड इथे टेबलावर ठेवतो, नाच झाला की येऊन बघा, 38 वर वडिलांच्या बोटाचा तांबडा ठसा अजून आहे. आणि पालकांना एकच विनंती. एप्रिलमध्ये रद्दीवाल्याला बोलवाल, तेव्हा नववीचं गणिताचं पुस्तक तेवढं बाजूला काढून ठेवा.

नाचवाले, या.