‘बरं आहे ना?’
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख ‘आपल्या शाळेची इंजिनिअर’ अशी करून दिली. त्यात एक गोष्ट राहिली. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी मी गणितात नापास झाले होते.

पिंपळगावात हुशार म्हणवणारी मी. शहरात सगळं इंग्रजीत. कळेना, आणि विचारायची लाज. दर रविवारी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन करायचे. आई धावत यायची. ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे.’ फोन ठेवला की रडायचे. जेवण तुटलं, झोप गेली. जगून काय करायचं, असंही मनात येऊ लागलं.

एका रात्री खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, ‘आठ दिवस झाले तू नीट जेवत नाहीस. काय झालंय?’ तिने उपदेश केला नाही. ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. म्हणून मी आज इथे उभी आहे.

तरीही गेल्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, ‘आई, झोप लागत नाही,’ तेव्हा मी म्हणाले, ‘मोबाइल कमी कर. आमच्या वेळी...’ तो गप्प झाला. पुन्हा बोलायला त्याला महिना लागला.

आपल्याकडे मिरचीचा भाव पडला, पाऊस लांबला की घर गप्प होतं. घरच्यांना आणखी ताप नको म्हणून लेकरं आपलं दुःख गिळतात. त्यांची झोप-जेवण बिघडलं, आवडीचा खेळ सुटला, तर जवळ बसून विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणालं, तर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या.

१४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. शाळेला पंखे, संगणक जरूर देऊ. पण हा नंबर प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी रंगवून घेऊ. रंगाचा खर्च माझ्याकडे.

मुलांनो, बरं वाटत नसेल तर ‘बरं नाही’ असंच सांगा. घरी जमलं नाही तर सरांना, बाईंना सांगा. एकाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा.