तारेत दडलेला गांधार

जळगाव-धुळ्याच्या ज्या मुलांनी नुकतीच गिटार हाती घेतली आहे, त्यांना ‘हार्मोनिक्स’ हा शब्द नवा असला, तरी त्यामागचा नाद गावोगावच्या भजनांतील एकतारीतून त्यांच्या कानी पडलेला असतो. छेडलेली तार अखंड लांबीने कंप पावते, त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यांतही कंप पावते, आणि या हिश्श्यांतून उमटून मूळ स्वरात मिसळणाऱ्या बारीक, उंच स्वरांना हार्मोनिक्स किंवा उपस्वर म्हणतात.

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली असता सेकंदाला ११० कंपने होतात. तोच षड्ज मानावा. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे सतारीच्या भाषेत पडद्याच्या, बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून, ती न दाबता छेडली आणि लगेच बोट उचलले, की घंटेसारखा स्वच्छ, २२० कंपनांचा तारषड्ज निघतो. हा स्वर बोटाने घडवलेला नसतो, हे मुलांच्या मनावर आवर्जून ठसवले पाहिजे. तो तारेत आधीपासूनच असतो आणि बोट फक्त त्याच्यावर दाटलेला मूळ स्वर थोपवते. उपस्वराच्या कंपनात तारेचा जो बिंदू स्थिर राहतो, त्याला निस्पंद म्हणतात. सातव्या फ्रेटवर तिसऱ्या हिश्श्याचा निस्पंद असून तेथे ३३० कंपनांचा पंचम मिळतो.

चौथ्या फ्रेटपाशी मात्र थोडे चाचपडावे लागते, कारण ६५ सेंटिमीटरच्या तारेचा पाचवा हिस्सा फ्रेटच्या पट्टीपासून सुमारे ४ मिलिमीटर खुंट्यांकडे सरकलेला असतो. तेथे ५५० कंपनांचा गांधार लागतो. तोच फ्रेट दाबून वाजवलेला गांधार दोन सप्तके वर नेला तर ५५४ भरतो, म्हणजे किंचित चढा. फ्रेटची मांडणी सप्तकाचे बारा समान भाग पाडून केलेली असते, तारेचा स्वभाव मात्र तसा नाही.

तंबोऱ्याच्या खर्जातून कोणी न छेडता ऐकू येणारा ‘स्वयंभू गांधार’ तो हाच. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जी जवारी काढतात, तिच्यामुळे हे उपस्वर खुलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचे हे वैशिष्ट्य शास्त्रीय रीतीने मांडले. गिटारवर हा गांधार एकदा सापडलेल्या मुलाला जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात गायकामागचे दोन तंबोरे जुळताना तो त्या गुंजनातून वेगळा उमटलेला ऐकू येतो.