ईसीजीच्या अँप्लिफायरला किती व्होल्ट?

अंबरनाथ-बदलापूरच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांनी ईसीजीचा प्रोजेक्ट घेतला, की पहिला प्रश्न सप्लायचा: पाच व्होल्ट, नऊ की बारा? उल्हासनगरच्या बाजारात जो अडॅप्टर हाती लागेल त्यावर तो सुटतो. तो हिशेबाने सुटायला हवा.

छातीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्ट. हजारपट वाढवला तरी एक व्होल्ट. मग तीन व्होल्टांत भागेल असे वाटते. पण इलेक्ट्रोडचा धातू, जेल आणि कातडी यांच्या संपर्कातून डीसी व्होल्टेज तयार होते. दोन इलेक्ट्रोडांमधला हा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल, असे धरूनच ईसीजी यंत्रे बनवतात. अँप्लिफायर हृदयाचे आणि धातूचे, दोन्ही वाढवतो. ३०० मिलिव्होल्टांची हजारपट म्हणजे ३०० व्होल्ट! आउटपुट सप्लायच्या टोकाला चिकटते आणि पडद्यावर नुसती सरळ रेघ उमटते.

म्हणून पहिल्या टप्प्यात गेन कमी. दहा ठेवला तर आउटपुटवर तीन व्होल्ट डीसी येणार, आणि जुन्या धाटणीच्या ऑपअँपला वर-खाली दीड-दोन व्होल्ट मोकळे लागतात. अधिक-उणे पाच व्होल्ट म्हणजे अगदी काठावर. नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या उतरून सातवर आल्या तरी काम चालते, म्हणून शिकणाऱ्यांसाठी मला त्याच बऱ्या वाटतात. ३.३ व्होल्टांचा एकच सप्लाय असेल तर मध्य १.६५वर, तिथे गेन चारच ठेवा आणि रेल-टू-रेल ऑपअँप घ्या. पुढे कपॅसिटरने डीसी अडवायचा, मग उरलेला गेन.

सप्लाय आणखी वाढवून ५० हर्ट्झची गुणगुण जात नाही. त्यासाठी चांगला इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर आणि उजव्या पायाचा इलेक्ट्रोड हवा.

आणि अडॅप्टर नकोच. स्वस्त अडॅप्टरचे इन्सुलेशन फुटले, तर घरातल्या २३० व्होल्टांना थेट छातीवरच्या ओल्या जेलपर्यंत वाट मिळते. बॅटरी लावली, पण सर्किट चार्जिंगवरच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडले, तरी तीच वाट पुन्हा उघडते. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले, हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र ब्लूटूथने मोबाइलवर आलेख पाठवते. मध्ये वायर नाही. तुम्हीही तेच करा. तेवढे जमत नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, आणि मगच मित्राच्या अंगाला इलेक्ट्रोड लावा.