ईदची भेट आणि घरचे शिवणकाम

(संस्थेच्या कन्या विद्यालयातील हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी एका शिवण-शिक्षिकेने केलेले भाषण)



आपल्या मुलींनी मांडलेले हे प्रदर्शन आपण आता पाहणारच आहात. क्रोशाने विणलेल्या नमाजच्या टोप्या आहेत, कुरआन शरीफसाठी शिवलेले जुजदान आहेत, दस्तरखान आहेत, ईदी ठेवण्याचे छोटे बटवे आहेत आणि नव्या बाळासाठी टोपरे, झबले, पायमोजे असा पुरा बाळंतविडा आहे. भिंतीवर चाँद-ताऱ्यांची तोरणे लावलेली आहेत. यातील बरेचसे काम शिंप्याच्या दुकानातील कतरणीतून आणि घरच्या जुन्या कपड्यांतून झालेले आहे. आपण कौतुक कराल याची मला खात्री आहे. पण नुसत्या कौतुकावर हा कार्यक्रम संपू नये, म्हणून चार गोष्टी आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी मागते.

पहिली गोष्ट भेटीविषयी. एकमेकांना भेट द्यावी, त्याने मने जुळतात, ही आपल्या दीनची शिकवण आहे. परंतु आज ईद जवळ आली की घराघरात आनंदाबरोबर काळजीही येते. अमक्याने काय दिले, तमक्याच्या मुलांनी काय घातले, याची तुलना सुरू होते आणि ज्याची ऐपत नाही तो उसनवारी करतो. हाताने केलेल्या भेटीत ही चढाओढ शिरत नाही. आजोबांच्या डोक्याचे माप घेऊन नातीने विणलेल्या टोपीची किंमत कोणी विचारत नाही. ती ज्याच्यासाठी केली त्याच्यासाठीच असते, हे तिचे मोल.

दुसरी गोष्ट, हे काम वाटते तितके अडाणीपणाचे नाही. क्रोशाची टोपी घ्या. मधोमध साखळ्यांचे कडे करावयाचे आणि त्याभोवती गोल गोल विणावयाचे. मुका खांब विणत असाल तर प्रत्येक फेरीत साधारण ६ टाके वाढवावे लागतात. पूर्ण खांब विणत असाल तर १२. का? वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सुमारे सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो. मुका खांब जितका रुंद तितकाच जवळपास उंच असतो, म्हणून ६. पूर्ण खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून १२. टाके कमी वाढवले तर चकतीची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर असेल तर त्याला ३.१४ ने भागावे, साडेसतरा येतात. चकती तेवढी रुंद झाली की वाढवणे थांबवून सरळ विणत जावे. भूमितीच्या तासाला ज्या मुलीला कंटाळा येतो, तिला हाच परीघ टोपीतून समजावून पाहा.

दोन सुयांवरच्या विणकामातही तेच आहे. आधी हातभर नमुना विणू नये, वीतभर विणावा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा २२ टाके बसले. बाळाच्या डोक्याचा घेर ३६ सेंटिमीटर असेल तर वीण ताणली जाते हे लक्षात घेऊन टोपरे ३३ सेंटिमीटरचे धरावे. ३३ ला २.२ ने गुणले की ७२.६ येतात. दोन सुलट, दोन उलट अशी किनार हवी तर टाक्यांची संख्या चारने भागली गेली पाहिजे, म्हणून ७२ टाके घालावेत. हा गुणाकार आणि भागाकार ज्याला येतो त्याला दुसऱ्याच्या पुस्तकातील नमुन्याची वाट पाहावी लागत नाही.

तोरणाचेही तसेच. एका कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचा मध्य ४ सेंटिमीटर बाजूला सरकवून ८ सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढा. उरतो तो चाँद. दोन सारखे चौकोन एकमेकांवर ठेवून वरचा ४५ अंश फिरवला की आठ टोकांचा तारा होतो. आपल्या जुन्या इमारतींच्या जाळ्यांतून आणि फरशांतून हाच तारा शेकडो वर्षे दिसत आला आहे. त्रिकोणी पताका कापताना एक सुलट, एक उलट अशा नागमोडी रेषेत कापाव्यात म्हणजे कापड वाया जात नाही. मात्र कापडी तोरण दिव्याला किंवा मेणबत्तीला लागून बांधू नये, एवढी दक्षता मोठ्यांनी घ्यावी.

काही व्यवहाराच्या सूचनाही सांगून ठेवते. सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते. गोल कडेला लावण्याची पट्टी तिरकी कापावी, कारण कापड तिरप्या बाजूने ताणले जाते आणि वळणावर चुणी पडत नाही. खऱ्या लोकरीचे कपडे गरम पाण्यात चोळू नयेत. लोकरीच्या तंतूवरील खवले एकमेकांत अडकून कपडा घट्ट होतो आणि आखडतो. तान्ह्या बाळाच्या भेटीवर मणी, टिकल्या, सैल गुंड्या लावू नयेत, गळ्याशी लांब दोऱ्या ठेवू नयेत. बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालते.

आपला हिजरी सन चंद्रावर चालतो. त्याचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २०२५ ची ईद-उल-फित्र मार्चअखेर होती. २०३० साली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी पुन्हा रमजान लागेल. म्हणजे नाशिक-पुण्याकडच्या नातेवाइकांना येत्या काही वर्षांत लोकरीची टोपी, मफलर अगदी उपयोगी पडेल. आपल्या किनारपट्टीवर मात्र सुती दोराच बरा. सवड आतापासून काढली तर रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, इबादतीच्या वेळी, घाईने सुई हातात घ्यावी लागणार नाही.

जुन्या कपड्याला कमी लेखू नका. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या साड्या-लुगड्यांचे तुकडे जोडून 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. गोधडी साऱ्यांची एकच. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालीत त्या मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांवर 'फुला' म्हणून लहान तुकड्यांची घडी बसवतात. फुला नसेल तर ती गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. आज या गोधड्या देशोदेशीच्या प्रदर्शनांतून मांडल्या जातात.

आता तिसरी गोष्ट, आणि खरे सांगायचे तर हिच्यासाठीच मी उभी राहिले आहे. काही दिवसांपूर्वी एक पालक मला भेटावयास आले. मुलगी नववीत, हात अतिशय चांगला. ते म्हणाले, "बाई, पोरीला शिवण आली, आता शाळा कशाला? घरी बसून चार पैसे मिळवील, ईदचे कपडे घरातच होतील." त्यांच्या बोलण्यात मुलीविषयी माया होती, अडचणही खरी होती. पण ही समजूत आपल्या अनेक घरांतून आहे, म्हणून तिचे उत्तर मी सर्वांसमोर देते.

शिवण हे शाळेच्या जागी ठेवण्याचे शिक्षण नव्हे. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी १९११ साली कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालू केली तेव्हा त्यांनी पुस्तक आणि हस्तकला दोन्ही शिकवली. एकासाठी दुसरे सोडा, असे त्या म्हणाल्या नाहीत. आणि आपल्या पुण्यात, महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या कार्यात फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीस होत्या, हे आपण विसरता कामा नये.

नुसती सुई हातात असलेल्या बाईचे काय होते, तेही पाहा. अहमदाबादच्या दर्यापूर भागात मुस्लिम भगिनी गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवत. चिंध्या व्यापारी देणार, मजुरी व्यापारी ठरवणार, मोजणीही त्याचीच. शिवण त्यांना उत्तम येत होती. हिशेब आणि करार मात्र दुसऱ्याच्या हाती होते. १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेत त्या पुढे सामील झाल्या, मजुरीसाठी झगडल्या आणि 'सबीना' नावाने त्यांनी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. त्यांची सुई तीच राहिली. दर काय आहे हे विचारण्याची हिंमत आणि वही वाचण्याची ताकद मात्र नव्याने आली.

म्हणून त्या पालकांना मी म्हटले, आणि आपणा सर्वांनाही म्हणते: मुलीने पावती वाचावी, मजुरीचा हिशेब मांडावा, बँकेत स्वतःच्या सहीने खाते चालवावे, असे वाटत असेल तर तिला शाळेत ठेवा. पुढे याच कामात शिकावयाचे तरी तंत्रनिकेतनातील पोशाखाच्या पदविकेला दहावी उत्तीर्ण असावे लागते. नववीत घरी बसवलेली मुलगी त्या दारापर्यंत पोचतच नाही. ज्यांना काही कारणाने शाळा सोडावी लागली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावीची सोय आहे. तिची माहिती आमच्या शिक्षिका आनंदाने देतील. ती मुलगी आज शाळेत येते आहे, शुक्र आहे अल्लाहचा. शिवण रविवारी करते.

चौथी गोष्ट मुलांसाठी. सुई ही बायकांची वस्तू, असे कोणी म्हटले तर त्याला हजरत आयेशा (र.) यांच्या कथनाची आठवण द्या. रसूलुल्लाह (स.) घरात आपले कपडे स्वतः सांधत आणि पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे त्यांनी सांगितले आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (र.) हाताने वस्तू तयार करीत आणि त्याची कमाई गरिबांत वाटून टाकीत. तेव्हा हाताच्या कामात कमीपणा नाही, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेदही नाही. आपल्या मोहल्ल्यातील शिंपी पुरुषच आहेत ना? मग घरी सदऱ्याची गुंडी लावताना बहिणीला हाक कशाला? पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मुलांचेही एक टेबल असावे, अशी मी अध्यक्ष महोदयांना विनंती करते.

जाता जाता एक सुचवते. या ईदला प्रत्येक घराने निदान एक भेट हाताने करावी, आणि ती आपल्याच नात्यात न ठेवता एखाद्या यतीम मुलाला, एकट्या राहणाऱ्या वृद्धेला किंवा शेजारच्या हिंदू घरातील बाळाला द्यावी. दिवाळीला त्यांचा फराळ आपल्याकडे येतो, आपला शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो; त्या ताटाबरोबर या वेळी एक टोपरेही जाऊ द्या. आणि जी मुलगी रात्री जागून ते विणील तिला, सकाळी शाळेची वेळ झाली की, आठवणीने उठवा.



खुदा हाफिज. जय हिंद.